मुलाने मनगट धरलं आणि ते सुटलं नाही

पत्राचा सारांश : वय ४६. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतात, अंबडच्या एका कंपनीत हिशेब विभागात नोकरी. काही महिन्यांपूर्वी सकाळी फिरायला गेल्या असताना मोटरसायकलवरच्या दोघांनी पत्ता विचारायच्या निमित्ताने थांबून गळ्यातलं मंगळसूत्र हिसकावलं. त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, तोंडातून शब्द फुटला नाही. घरी आणि नात्यात सगळ्यांचा एकच प्रश्न : "ओरडली का नाहीस?" त्यानंतर कंपनीत महिलांसाठी दोन दिवसांचं स्वसंरक्षण शिबिर झालं. मनगट सोडवणं, कोपर मारणं, गुडघा मारणं शिकवलं. खूप हुरूप आला. त्याच रात्री १९ वर्षांच्या मुलाने हॉलमध्ये मनगट धरलं आणि म्हणाला, "आता सोडव बघू." सुटलं नाही. घरातले हसले. तेव्हापासून सकाळचं फिरणं बंद आहे. पर्समध्ये चाकू ठेवावा असं मनात येतं. नवरा म्हणतो, मुलीला क्लासला घालू, तू या वयात काय करणार. त्यांचा प्रश्न : "शिबिरात शिकवलेलं सगळं खोटं का? की मीच मुळात भित्री आहे?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मंगळसूत्र गेल्याचं तुम्ही दोन ओळींत लिहिलंय आणि मनगट न सुटल्याचं पान भरून. म्हणजे चोरांपेक्षा घरातलं ते हसणं जास्त लागलंय. त्यामुळे आधी त्या हॉलमध्येच जाऊ.

मुलाने धरलं तेव्हा काय काय होतं ते आठवा. कोणतं मनगट धरायचं, तुम्ही कोणता डाव करणार, कधी करणार, हे त्याला सगळं माहीत होतं. तो पाय रोवून, पूर्ण जोर लावून उभा होता आणि तुम्ही मात्र एकच गोष्ट करायची होती : हात फिरवायचा. तुम्ही त्याच्या नडगीवर लाथ मारणार नव्हता, तोंडावर पिशवी फेकणार नव्हता, किंचाळणार नव्हता, कारण तो तुमचा मुलगा आहे. खऱ्या प्रसंगात मनगट सोडवणं ही एकटी क्रिया कधीच नसते. आधी नडगीवर बुटाची कड किंवा चेहऱ्यासमोर काहीतरी झपकन यावं लागतं. समोरच्याचं लक्ष अर्धा क्षण हातावरून उडतं आणि त्या अर्ध्या क्षणात हात निघतो. निघतो तोही ओढून नाही. अंगठा आणि बोटं जिथे भेटतात ती पकडीतली सगळ्यात कच्ची जागा. मनगटाची अरुंद बाजू त्या फटीकडे वळवायची, एक पाऊल त्याच्याच दिशेने टाकायचं, आपलं कोपर त्याच्या कोपराजवळ न्यायचं आणि सगळं अंग फिरवायचं. बहुतेक जणी मागे सरकून नुसत्या दंडाच्या जोरावर ओढतात. १९ वर्षांच्या मुलाशी दंडाच्या जोराची स्पर्धा आपण हरणारच, त्यात लाज कसली?

तरीही तुमच्या मुलाने एक खरी गोष्ट उघड केली, ती टाळता येणार नाही. शिबिरात जोडीदारीण तुमचा हात हळुवार धरत होती आणि डाव केला की सोडत होती. प्रतिकाराशिवाय शिकलेला डाव हा काठावर बसून शिकलेल्या पोहण्यासारखा असतो. शिबिर खोटं नव्हतं, अर्धं होतं. उरलेलं अर्धं घरात करता येईल, आणि त्यासाठी तोच मुलगा उत्तम जोडीदार आहे. त्याला म्हणा, आधी चार आणे जोर लाव. जमलं की आठ आणे. कधी डावा हात धर, कधी उजवा, कधी मागून ये, सांगू नकोस. आठवड्यातून तीन वेळा, दहा दहा मिनिटं. सोळा आणे जोर लावल्यावरही तुम्ही सुटाल असं मी म्हणत नाही. पण धरल्याबरोबर अंग आपोआप हलायला लागेल, आणि गरज त्याचीच आहे.

आता "ओरडली का नाहीस" या प्रश्नाकडे. हा परिच्छेद घरी मोठ्याने वाचून दाखवा.

अचानक धोका आला की शरीर विचाराच्या आधी निर्णय घेतं. हृदयाचे ठोके वाढतात, नजर एकाच ठिकाणी खिळते, बोटांची नाजूक कामं बिघडतात, साध्या कुलपात किल्लीही नीट जात नाही. पळणं आणि लढणं यांच्या जोडीला तिसरीही प्रतिक्रिया असते, जागीच थिजणं. ती कुणी निवडत नाही. त्यावरून माणूस शूर की भित्रा हे ठरत नाही. मी स्वतः कॉलेजात असताना सहा वर्षं जूदो केलाय. त्यानंतर वर्षभरातच एका रात्रीच्या बसमध्ये शेजारी झोपेचं सोंग घेतलेल्या माणसाचा हात माझ्या मांडीवर आला आणि तीन थांबे जाईपर्यंत मी हललेही नाही. जूदोत समोरची व्यक्ती आधी वाकून नमस्कार करते, मग झुंज सुरू होते. बसमध्ये नमस्कार कुणी केला नव्हता. माझ्याकडे डाव पुष्कळ होते, पण पहिली हालचाल कोणती हे ठरलेलं नव्हतं. पुढे अनेक वर्षं मी त्या तीन थांब्यांबद्दल स्वतःला बोल लावत राहिले. तुम्ही ती वर्षं वाया घालवू नका.

आणखी एक. चोरांच्या हातात मंगळसूत्र असताना तुम्ही ते घट्ट धरून ठेवलं नाहीत. चालत्या मोटरसायकलला साखळीने जोडलेली मान म्हणजे काय होऊ शकतं, कल्पना करा. बाई फरफटत जाते, डोक्यावर आपटते. तुम्ही चालत घरी आलात. "मी काहीच केलं नाही" असं तुम्ही लिहिलंय. मी म्हणेन, त्या क्षणी जे सगळ्यात महत्त्वाचं होतं ते तुमच्या शरीराने केलं.

थिजणं पूर्ण टाळता येत नसलं तरी त्याचा काळ कमी करता येतो. उपाय साधा आहे : पहिली हालचाल आधीच ठरवून ठेवायची आणि ती इतक्या वेळा करायची की विचार लागू नये. एक पाय मागे, दोन्ही हात छातीसमोर उघडे, तळवे पुढे, आणि एक शब्द. इतकंच. रोज वीस वेळा, स्वयंपाकघरात, कुकरची शिट्टी झाली की लगेच. कोणी मोटरसायकल थांबवून पत्ता विचारला तरी हीच हालचाल : एक पाऊल मागे, हात सहज गळ्याशी, आणि उत्तर द्यायचं तर तीन हातांवरून. सभ्य माणसाला त्याचं काही वाटणार नाही.

त्या एका शब्दाविषयी मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण माझ्या मते आपलं खरं अडतं ते तिथेच. आपल्याला अनोळखी पुरुषाशी बोलायची एकच भाषा शिकवली गेलीय : "अहो भाऊ, असं काय करताय, जाऊ द्या ना." या वाक्यात मान आहे, नातं आहे आणि विनवणी आहे. ज्याला त्रास द्यायचाय त्याला या वाक्यातून एवढंच कळतं की ही बाई अजून आपल्याला दुखवायला घाबरतेय. धोक्याच्या वेळी अहो-जाहो सोडायचं. "मागे हो!" "हात सोड!" "लांब उभा राहा!" दोन-तीन शब्दांची आज्ञा, शेवटी स्वर खाली आलेला, प्रश्नासारखा वर चढलेला नाही. कारण सांगायचं नाही, वाद घालायचा नाही, तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. आवाज घशातून काढला तर चिरकतो, पोट आत घेऊन काढला तर फेकला जातो. सरावाला जागा कुठली, असं तुम्ही विचाराल. हेल्मेट घालून उड्डाणपुलावरून जाताना मोठ्याने म्हणा, कुणाला ऐकू येणार नाही. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने महिनाभर असंच केलं. पहिल्या दिवशी तिच्या तोंडून "मागे हो" ऐवजी "मागे व्हा" निघालं आणि मग तिला रडू आलं. पन्नास वर्षांची सवय आहे, एका दिवसात कशी सुटेल?

गर्दीत मदत मागायची असेल तर "वाचवा" असं हवेत ओरडण्यापेक्षा एकाच माणसाकडे बोट करा : "निळा शर्टवाले काका, तुम्ही, ११२ ला फोन लावा." सगळ्यांना उद्देशून हाक मारली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी करेल. ११२ हा सगळ्या तातडीच्या मदतीसाठीचा एकच क्रमांक आहे. बहुतेक स्मार्टफोनवर पॉवर बटण लागोपाठ दाबलं की तातडीचा कॉल जातो. तीनदा दाबायचं की पाचदा, हे आज रात्री फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बघून घ्या.

आता चाकू. ताई, नको. पर्समधला चाकू काढायला दोन्ही हात, शांत बोटं आणि वेळ लागतो, आणि त्या क्षणी यातलं काहीच आपल्याकडे नसतं. काढलाच तर तो हिसकावला जाण्याची शक्यता मोठी, आणि मग साध्या चोरीच्या जागी सुऱ्याचा प्रसंग उभा राहतो. शिवाय सणासुदीला, मोर्चे-निवडणुकांच्या काळात पोलीस आयुक्तालयाचे शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेव्हा पर्समधला चाकू तुम्हालाच अडचणीत आणेल. मिरचीचा स्प्रे त्यापेक्षा बरा, पण तो पर्सच्या तळाशी रुमालाखाली असला तर असून नसल्यासारखा. हातात किंवा बाहेरच्या कप्प्यात हवा, वाऱ्याची दिशा बघायला हवी, मुदत संपलेली नसावी, आणि एक डबी सरावासाठी मोकळ्या मैदानात संपवलेली असावी. मी स्वतः जवळ ठेवते ती शिट्टी आणि छोटी टॉर्च. टॉर्चचा झोत डोळ्यांवर मारला की समोरचा क्षणभर थबकतो आणि तेवढ्यात आपण निघून जाऊ शकतो.

कायद्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण "उलट मारलं तर आपल्यावरच केस होईल" ही भीती मी शेकडो बायकांकडून ऐकलीय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क दिलेला आहे. शरीराला धोका आहे अशी वाजवी भीती निर्माण झाली की हा हक्क सुरू होतो, पहिला फटका बसेपर्यंत थांबायची अट नाही. मुख्य मर्यादा अशी की बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही आणि धोका टळला की हक्कही थांबतो. म्हणजे कोपर मारून सुटून पळालात तर कायदा तुमच्या बाजूने आहे. तो खाली पडल्यावर दगड घेऊन परत आलात, तर नाही. हिसकावून चोरी करणं हा याच संहितेत कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा झालाय, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रार केली नसेल तर अजूनही करा.

आता तुमच्या पत्रातलं एक गृहीत मला हलवायचंय. तुमचा धोका रस्त्यावर आहे, अनोळखी आहे, मोटरसायकलवरून येतो. साखळीचोरीपुरतं ते खरं. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगतात की बलात्काराच्या दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. तुमच्या मुलीचा विषय निघालाय म्हणून हे मुद्दाम लिहिते. तिला लाथा-बुक्के शिकवले, पण क्लासचा सर, दूरचा भाऊ किंवा मित्र जवळ सरकल्यावर "मला हे आवडत नाही" म्हणायला शिकवलं नाही, तर शिकवण अर्धवट राहील. कॅनडात शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या सुमारे ९०० विद्यार्थिनींवर केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलींना तीन तासांची चार सत्रं मिळाली, बाकीच्यांना फक्त माहितीपत्रकं. वर्षभरात माहितीपत्रकवाल्यांत ९.८ टक्के मुलींवर बलात्कार झाला, प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२ टक्के. हातपाय चालवणं त्या १२ तासांत होतंच, पण ओळखीच्या माणसाचं वागणं धोक्याकडे झुकतंय हे लवकर ओळखणं आणि नाही म्हणताना मनात येणारा संकोच ओलांडणं, यावर बराच वेळ दिला होता. त्या मुली तरुण होत्या आणि तुमचा प्रसंग वेगळा, हे मान्य. पण थोड्या तासांचं शिक्षण फुकट जातं असं नाही, त्यात काय शिकवलं यावर सगळं अवलंबून आहे, एवढं नक्की कळतं.

म्हणून क्लास निवडताना कराटे की जूदो की बॉक्सिंग की क्राव मागा (इस्रायलमधली स्वसंरक्षणाची पद्धत), या वादात पडू नका. जाऊन एक तास बाजूला बसून बघा. जोडीदार खरोखर प्रतिकार करतो का? ओरडायला लावतात का? अंगाला हात लावण्याआधी सर विचारतात का? तुमच्या गुडघ्यांची, रक्तदाबाची चौकशी करतात का? "तीन दिवसांत कुणालाही लोळवाल" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. माझा स्वतःचा कल जूदोकडे आहे, आणि त्याचं कारण मारामारी नाही. जूदोत आधी पडायला शिकवतात : हनुवटी छातीशी, पाठ गोल, हाताने जमिनीवर थाप. पंचेचाळिशीनंतर बाईला हल्लेखोर भेटो न भेटो, ओली फरशी रोज भेटते. स्कूटरवरून पडल्यावर डोकं वाचणं आणि मनगट न मोडणं हेही स्वसंरक्षणच आहे.

"या वयात काय करणार" हे तुमच्या यजमानांचं वाक्य मला मुळीच पटलेलं नाही. मुलीला क्लासला घालाच, पण तिच्यासोबत तुम्हीही जा. आई घाबरून घरात बसलेली आणि मुलगी क्लासमध्ये लाथा मारतेय, यातून मुलगी लाथा शिकत नाही, घरात बसणं शिकते.

आणि क्लास सुरू होण्याआधी शरीर. डाव विसरले जातात, दम आणि पायांतली ताकद कामी येते. स्वसंरक्षणात जिंकणं म्हणजे समोरच्याला पाडणं नाही, उजेडातल्या दुकानापर्यंत पोचणं. समजा, ते अंतर शंभर-दीडशे मीटर आहे. आज तुम्ही शंभर मीटर न थांबता पळू शकाल का? नसाल तर मनगटाच्या डावापेक्षा ती उणीव मोठी आहे, आणि ती भरून काढणं सोपंही आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. चालताना विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत जोरात जा, पुढच्या खांबापर्यंत सावकाश, असं दहा खांब. तीन आठवड्यांनी जोरात चालण्याच्या जागी हलकं पळा. घरी खुर्चीवर हात न टेकता बसा-उठा, दहा दहाच्या तीन फेऱ्या. भिंतीला तळवे लावून दंड काढा, पुढे ओट्याला, मग जमिनीवर. पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या हातात धरून गच्चीवर चार चकरा मारा, पकड आणि पाठ दोन्ही तयार होतात. आणि रोज एकदा जमिनीवर पाठीवर झोपून हाताचा आधार न घेता, किंवा कमीत कमी घेऊन, उठून उभं राहा. खाली पाडलेल्या बाईने पटकन उठणं याच्याइतकं उपयोगी कौशल्य मला दुसरं माहीत नाही, आणि ते कुठल्याच शिबिरात शिकवलेलं मी पाहिलं नाही. गुडघे दुखत असतील, रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आपल्या जिल्ह्यात अंगमेहनतीची परंपरा कमी नाही. मल्लखांबाचे प्रवर्तक बाळंभट दादा देवधर यांनी वणीच्या सप्तशृंगीला साकडं घातलं आणि मग त्यांना ही विद्या सापडली, अशी आख्यायिका आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची धावपटू कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरला कांस्यपदक घेऊन आली. तुम्हाला पदक आणायचं नाही, दीडशे मीटर पळायचंय.

स्कूटरवरचं थोडक्यात. महिनाअखेरीला कंपनीतून स्कूटरने घरी यायला उशीर होतो, असं पत्रात म्हणालात. कुणी मागे लागलंय असं वाटलं तर घराकडे वळू नका, त्याला घर दाखवू नका. पेट्रोलपंप, चोवीस तास चालू असलेलं रुग्णालय, पोलीस चौकी, जे आधी लागेल तिथे हॉर्न दाबत शिरा. अंबडपासून घरापर्यंत अशी ठिकाणं कोणती, ते एका रविवारी दिवसाउजेडी बघून ठेवा. पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट असू द्या. गळ्यातलं छोटं आणि कपड्याच्या आत असू द्या. हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण चोरी करणारे ते आणि कपडे-दागिने बदलायचे आपण. चूक त्यांचीच आहे, हे लक्षात ठेवूनच हे करा.

फिरणं मात्र याच आठवड्यात सुरू करा. जितके दिवस जातील तितका तो रस्ता मनात मोठा होत जाईल. पहिले आठ दिवस दोघी-तिघी मिळून जा, त्याच रस्त्याने, वाहनांकडे तोंड करून उजव्या कडेने, कानात काही न घालता. जिथे मंगळसूत्र गेलं तिथे थांबा, एक पाय मागे घ्या, हात वर करा आणि म्हणा, "मागे हो." मैत्रिणींनाही म्हणायला लावा.

आणि येत्या रविवारी सकाळी मुलीला आणि मुलाला घेऊन पांडवलेणीच्या पायऱ्या चढा, तुमच्या घरापासून फार लांब नाही. चढताना बोलत राहा. बोलणं अशक्य होईल ती पायरी मोजून वहीत तारीख घालून लिहून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा चढा आणि दोन्ही आकडे मला कळवा.